पायातला चेंडू, बोटांतला चेंडू

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. कॉलेजच्या संघातून राइट बॅक खेळत होता. मागे वळताना बुटाचे स्टड चिखलात रुतले, अंग फिरले आणि गुडघा मात्र होता तिथेच राहिला. लिगामेंट तुटले. नऊ महिने मैदानाचे नाव काढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. वीस वर्षांच्या पोराला नऊ महिने म्हणजे किती, हे ज्याच्या घरी असा पोरगा आहे त्यालाच कळेल.

पहिले पंधरा दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग मित्राकडचा प्लेस्टेशन आला, टीव्हीला जोडला गेला आणि घरात फुटबॉल पुन्हा सुरू झाला. सकाळी पायाचा व्यायाम, दुपारी गेम, रात्री गेम. माझी बहीण कन्नड घरात दिलेली; त्यामुळे त्या घरात कुरकुरही दोन भाषांत चालते. अज्जी स्वयंपाकघरातून 'साकु माडो' म्हणून ओरडणार, बहीण तेच मराठीत सांगणार आणि हा दोघींनाही 'हां हां' म्हणत खेळत राहणार. शेवटी बहिणीने मला बोलावले. मामाने चार शब्द सांगावेत, अशी अपेक्षा.

मी गेलो तो सांगायलाच. म्हटले, "अरे, बोटं हलवून कुठं फुटबॉल होतो काय?"

"मामा, तुम्ही एकदा खेळून तर बघा की. अगदी खऱ्यासारखं वाटतं."

हा 'खऱ्यासारखं' शब्द मला खटकला. १९९० च्या आसपास मी स्वतः टिळकवाडीत लेले मैदानावर बॅक म्हणून खेळलो आहे. खरे काय असते ते माझ्या दोन्ही नडग्यांना अजून आठवते. म्हटले, दे तो रिमोट इकडे.

"रिमोट नव्हे मामा, कंट्रोलर."

पहिला सामना मी सहा-शून्य हरलो. दुसऱ्यात एक गोल केला, तोही आपल्याच जाळीत. पण उठलो नाही. कारण पराभव बाजूला ठेवला, तर एका गोष्टीने मला थक्क केले होते. माझ्या खेळाडूकडे उंच पास आला, त्याने तो छातीवर घेतला आणि चेंडू दोन हात लांब उसळून प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला. म्हणजे ट्रॅप चुकला! यंत्रातला माणूस चुकू शकतो, हे मला अपेक्षित नव्हते.

हे इतक्या सहज आलेले नाही. जुन्या बहुतेक गेममध्ये चेंडू पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा असे. खेळाडू वळला की चेंडूही त्याच्याबरोबर वळायचा. इंग्लंडात डिनो डिनी नावाच्या प्रोग्रॅमरने १९८९ मध्ये 'किक ऑफ' काढला, त्यात पहिल्यांदा अनेकांना वेगळे काही दिसले. त्यात चेंडू पायाला बांधलेला नव्हता. पळताना तो पुढे ढकलत न्यावा लागे आणि वळायचे तर आधी आवरावा लागे, नाहीतर तो आपल्या वाटेने निघून जाई. गेम अवघड होता आणि त्यासाठीच तो लोकांना आवडला.

मग १९९३ च्या अखेरीस 'ईए' कंपनीची 'फिफा' मालिका आली. तिच्या पहिल्या गेममध्ये देश खरे होते, पण खेळाडूंची नावे बनावट. खरी नावे आली ती 'फिफा ९६' पासून. जपानच्या कोनामी कंपनीचे बरोबर उलटे होते. तिचा गेम जपानात 'विनिंग इलेव्हन' आणि इकडे 'प्रो इव्होल्युशन सॉकर' म्हणून ओळखला गेला. सगळी नावे वापरायचे हक्क तिच्याकडे नव्हते, म्हणून रॉबर्टो कार्लोसचा 'रॉबर्टो लार्कोस' झाला आणि मँचेस्टर युनायटेडचा 'मॅन रेड'. ज्यांनी त्या काळात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हा गेम खेळला, त्यांना ती नावे आजही पाठ असतील. २००६ साली आलेल्या सहाव्या भागातला ब्राझीलचा एड्रियानो आणि त्याचा डाव्या पायाचा फटका तर विचारूच नका. थोडक्यात, एका दुकानात नावे खरी पण चेंडू हलका, दुसऱ्या दुकानात नावे खोटी पण चेंडूला वजन. त्या वर्षांत खेळाची जाण असलेली पोरे दुसऱ्या दुकानात जायची. माझ्या मते बरोबरच होते त्यांचे. शर्टावरचे नाव वाचायला आपण मैदानात उतरत नाही.

पुढे 'फिफा'नेही चेंडूकडे लक्ष दिले. २००९ मध्ये आलेल्या 'फिफा १०' पर्यंत खेळाडूला चेंडू घेऊन फक्त आठ दिशांना वळता येत होते. जणू मैदानावर आठच पायवाटा. त्या वर्षी सगळ्या दिशा मोकळ्या झाल्या. २०११ च्या भागात दोन खेळाडूंची टक्कर आधी चित्रित केलेल्या हालचालींऐवजी वेग आणि वजन यांवरून ठरू लागली. त्याच वर्षी बचावाची पद्धतही बदलली. आधी एक बटण दाबून धरले की तुमचा बॅक कुत्र्यासारखा चेंडूमागे धावायचा. आता अंतर राखून समोर उभे राहायचे, मागे मागे सरकायचे आणि नेमक्या क्षणी पाय घालायचा. घाई केली तर समोरचा बाजूने निसटलाच! भाच्याने मला हे दाखवले तेव्हा मी मनातल्या मनात त्या अनोळखी प्रोग्रॅमरांना नमस्कार केला. आमच्या प्रशिक्षकांना हे समजावून सांगायला दोन मोसम लागले होते. आणि तो चुकणारा ट्रॅप? तो २०१२ च्या भागापासूनचा. २०२१ च्या 'फिफा २२' साठी तर बावीस खेळाडूंना सेन्सर लावलेले कपडे घालून खराखुरा सामना खेळायला लावला आणि त्यांच्या हालचाली यंत्रात भरल्या. २०२३ पासून 'फिफा' हे नाव गेले, आता तो गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो; त्याच्या पहिल्याच भागात दीडशेहून अधिक खऱ्या सामन्यांतल्या हालचाली वापरल्या आहेत.

एवढे सगळे असून मला काहीतरी खुपत होते. काय ते अज्जीने सांगितले.

अज्जी भाकरी झाल्यावर पदराला हात पुसत बाहेर आली, पाच मिनिटे टीव्हीकडे बघत बसली आणि नातवाला म्हणाली, "इदु खरे आट एनो? यात कुणी दमत कसं नाही?" तिला 'खरे' म्हणजे खरेच म्हणायचे होते, हा शब्द तिच्या कन्नडमध्येही तोच आहे. भाच्याने पडद्याच्या खालची एक बारीक पट्टी दाखवली. खेळाडू पळेल तशी ती कमी होते. अज्जीने ती पट्टी बघितली, नातवाकडे बघितले आणि काही न बोलता आत गेली.

पट्टी कमी होते, छाती भरून येत नाही. पण त्याहून मोठी गोम वेळेची आहे. खरा सामना नव्वद मिनिटांचा. गेममध्ये साधारण सहा-सहा मिनिटांचे दोन हाफ खेळतात, म्हणजे सगळा मामला बारा मिनिटांत. साडेसात पटीने आवळलेला. आता २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकाचा हिशेब घ्या. ६४ सामन्यांत १७२ गोल. सामन्याला सरासरी पावणेतीनच्याही थोडे आतच. खऱ्याच गतीने गोल व्हायचे ठरवले, तर बारा मिनिटांच्या तीन सामन्यांत मिळून कुठे एखादा गोल दिसेल. असा गेम कोण विकत घेईल? म्हणून प्रत्येक चढाई खऱ्यापेक्षा धोकादायक करावी लागते, प्रत्येक बचाव थोडा सैल ठेवावा लागतो. कंपनी कितीही प्रामाणिक असली तरी या गणितातून तिची सुटका नाही.

दुसरे गणित चेंडूचे. बावीस माणसे आणि एक चेंडू. नव्वदला बावीसने भागा, वाट्याला चारच मिनिटे येतात. चेंडू बाहेर गेलेला वेळ, फाउल, गोलकिक वजा केले तर तीनच्या आत-बाहेर. उरलेली पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी मिनिटे खेळाडू चेंडूशिवाय असतो. तो जागा धरतो, माणूस धरतो, फुकट धावतो, वाट बघतो. फुटबॉल म्हणजे बहुतांशी हेच. गेममध्ये मात्र पास दिला की तुम्ही लगेच पास घेणारा होता. चेंडू अर्धा वेळ तुमच्याच अंगठ्याखाली. वाट बघणे नाहीच.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेममध्ये तुम्ही मैदान वरून बघता. स्टँडच्या छतावर बसल्यासारखे सगळे दिसते. कोण मोकळा आहे, कोण मागून येतोय. मैदानावर बॅकला साडेपाच फुटांवरून दिसते तेवढेच दिसते आणि पाठीमागचे काहीच दिसत नाही. पाठीमागचे ऐकू येते! आमच्या संघात निम्मे मराठी, निम्मे कन्नड. 'मागे माणूस!' 'हिंद नोडो!' 'टाइम ऐती!' 'सोड!' 'बिडो!' ज्याच्या तोंडात जे येईल ते. कुठली भाषा हे कळायच्या आत मान वळलेली असायची. चेंडू तर दोन्हीकडे चेंडूच. अर्धे फुटबॉल आम्ही कानांनी खेळलो, असे म्हटले तरी चालेल. गेममध्ये आवाज आहे, नाही असे नाही. प्रेक्षकांचा गजर आहे, इंग्रजी समालोचन आहे. 'फिफा'त कित्येक वर्षे मार्टिन टायलरचा आवाज होता. पण समालोचक प्रेक्षकांशी बोलतो, खेळाडूशी नाही.

म्हणून माझे मत असे झाले की हा गेम हुबेहूब आहे, पण मैदानाशी नव्हे, टीव्हीवरच्या सामन्याशी. तोच कोन, तीच हिरवळ, तोच रिप्ले. आपली तांबडी माती, जूनमधला चिखल, पायात घुसलेला खडा आणि मैदानात मध्येच येणारी म्हैस हे त्यात यायचे कारणच नाही. ज्या मुलांनी फुटबॉल फक्त टीव्हीवर बघितला, त्यांना तो शंभर टक्के खरा वाटणार. त्यात त्यांची चूक नाही. गंमत म्हणजे कंपनीलाही हा पेच मान्य असावा. २०२५ मध्ये आलेल्या 'एफसी २६' मध्ये खेळण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या आहेत. ऑनलाइन चुरशीसाठी वेगवान, आणि एकट्याने खेळणाऱ्यासाठी खऱ्या फुटबॉलच्या जवळ जाणारी. खरा आणि मजेचा यांना एका ताटात वाढणे जमत नाही, याचीच ही कबुली म्हणायची.

भाच्याला मी हे सगळे ऐकवले. तो वाद घालणाऱ्यांतला. त्याच्याकडे नेहमीचे हत्यार होते, इटलीचा आंद्रेआ पिर्लो. ९ जुलै २००६ ची दुपार आपण बर्लिनमध्ये झोपण्यात आणि प्लेस्टेशन खेळण्यात घालवली, असे पिर्लोने आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याच संध्याकाळी विश्वचषकाची अंतिम लढत. पेनल्टीच्या वेळी पहिला फटका त्याने मारला, इटली जिंकली आणि सामनावीरही तोच ठरला. "त्याच्या आईनं त्याला ओरडलं असेल काय?" भाच्याने आईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. बहीण आतून म्हणाली, "तो आधी सराव करून येत होता की नाही, ते पण लिहिलंय काय बघ."

पण मग त्याने एक वेगळाच मुद्दा काढला, आणि तो मला अजून पटतो. 'फिफा २२' मध्ये पहिल्यांदा आपल्या इंडियन सुपर लीगचे संघ आले. भाचा बंगळूरु घेतो, मला गोवा देतो. सीमेवरच्या घराला हे दोन्ही संघ आपलेच, भांडण फक्त मामा-भाच्याचे. प्रत्येक खेळाडूच्या वेगाला, पासला, फटक्याला गेममध्ये ९९ पैकी गुण असतात. आपल्या खेळाडूंचे गुण युरोपातल्या तारकांपेक्षा बरेच कमी. त्यामुळे या संघांनी खेळताना पास कमी पडतो, ट्रॅप लांब जातो, सुनील छेत्रीलाही चेंडू मिळवायला झगडावे लागते. "मामा, मँचेस्टर सिटी घेऊन खेळलं की गेम वाटतो. हे घेऊन खेळलं की मॅच वाटते," भाचा म्हणाला. चुका वाढल्या की खरेपणा वाढतो. आम्ही असेच खेळायचो ना!

आईबापांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या गेममध्ये 'अल्टिमेट टीम' नावाचा भाग आहे. त्यात खेळाडूंची बंद पाकिटे खऱ्या पैशांनी घेता येतात आणि आत कोण निघेल ते आधी कळत नाही. बेल्जियममध्ये जुगाराच्या कायद्याच्या दबावामुळे कंपनीला २०१९ च्या जानेवारीत त्यासाठीच्या पॉइंट्सची विक्री थांबवावी लागली. आपल्या घरी मोबाइलला कार्ड जोडलेले असेल तर तेवढे बघून घ्या. गेम खेळू द्यायला माझी हरकत नाही, पाकिटांना आहे.

आता राहिले ते, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

दिवाळीनंतर एकदा संध्याकाळी गेलो तर भाचा नेहमीसारखा वरून बघत नव्हता. कॅमेरा एका खेळाडूच्या पाठीमागे होता आणि तो एकटाच खेळाडू त्याच्या हातात. 'फिफा ०८' पासून ही सोय आहे. आपण एकच माणूस होऊन सामना खेळायचा, बाकीचे दहा यंत्र चालवते. बहुतेक पोरांना हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, कारण चेंडू येतच नाही. भाच्याने राइट बॅक बनवला होता. आपलेच नाव, आपलीच उंची, पाठीवर आपलाच आकडा. दोन-दोन मिनिटे त्याचा खेळाडू नुसता पुढे-मागे सरकत होता. आत ये, बाहेर जा, माणूस धर. मी बाजूला बसलो तरी त्याचे लक्ष नव्हते. त्या अर्ध्या तासात मला पहिल्यांदा वाटले की हे मैदानाच्या जवळ आहे. ते चित्रामुळे नव्हे, वाट बघण्यामुळे.

मग त्याचा खेळाडू पडला. टक्कर झाली, खेळाडू लंगडत बाहेर गेला आणि सामन्यानंतर पडद्यावर चिठ्ठी आली. गुडघ्याचे लिगामेंट, काही महिने विश्रांती. मी त्याच्याकडे बघायचे टाळले. तो काही बोलला नाही. त्याने कॅलेंडर उघडले आणि बटण दाबून धरले. दिवस भराभरा पुढे सरकू लागले. आठवडा गेला, महिना गेला, त्याच्याविना सामने झाले, निकाल चमकून गेले. मिनिटाभरात खेळाडू बरा होऊन संघात परत.

"हे एवढं खोटं आहे बघा," तो म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, "आणि परत आल्यावर पहिल्याच बॉलला तो टॅकल मारतो. भीती वाटत नाही त्याला."

त्याने टीव्ही बंद केला आणि गुडघ्यावरची पट्टी सोडून व्यायामाला बसला. भिंतीला टेकून पाय हळूहळू वाकवायचा, दहा मोजायचे, सरळ करायचा. मी आकडे मोजत बसलो. त्या दिवसापासून मी बहिणीला त्याबद्दल काही बोललो नाही आणि तिनेही मला समजवायला बोलावले नाही. गेम चालू राहिला, थोडा कमी झाला. रात्री जेवणाआधी एक सामना, 'ऊटक्क बा' अशी हाक आली की बंद.

नऊ महिने परवा पूर्ण झाले. डॉक्टरांनी हलके धावायला परवानगी दिली आहे, सामना अजून नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघे मैदानावर गेलो. त्याच्या संघाचा सराव चालू होता. तो रेषेबाहेर उभा राहिला, हात खिशात, बूट घातलेले, नाड्या मात्र सैल. त्याच्या जागी दुसराच मुलगा राइट बॅक खेळत होता, चांगला खेळत होता. भाचा काही बोलत नव्हता. मी पण गप्प होतो.

एकदा चेंडू त्या मुलाकडे आला आणि पलीकडून कुणीतरी ओरडले, "हिंद नोडो!"

मान वळली ती दोघांची. मैदानातल्या त्या मुलाची, आणि रेषेबाहेर खिशात हात घालून उभ्या असलेल्या आमच्या पोराची. मग तो खाली बसला आणि नाड्या घट्ट बांधू लागला.